मांडीवर गोरे मूल असेल तर...

🧵 मॉन्टगोमेरीच्या घरकामगार स्त्रिया, बसमधील एक बाक आणि ३८१ दिवस. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

१.
कल्पना करा, १९५५ साल आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहर. सकाळी एक कृष्णवर्णीय स्त्री बसमध्ये चढते. मालकिणीचे गोरे मूल तिच्या कडेवर आहे. गोऱ्यांसाठी राखलेल्या पुढच्या बाकावर ती मुलाला मांडीवर घेऊन बसते. कुणी हरकत घेत नाही. संध्याकाळी तीच स्त्री एकटी घरी निघते. आता त्याच बाकावर बसली तर तिला अटक होऊ शकते.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचा वर्ण बदललेला नाही. फक्त मांडी रिकामी झाली आहे.

२.
हा प्रसंग मी समजण्यासाठी रचला आहे. त्यामागचा नियम मात्र खरा आहे. शहराच्या १९५२च्या नियमसंहितेतील सहाव्या प्रकरणाच्या दहाव्या कलमानुसार गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रवाशांना बसमध्ये वेगवेगळे बसवणे सक्तीचे होते. त्याच वाक्याच्या शेवटी एक अपवाद जोडलेला होता: गोरी मुले किंवा आजारी, दुबळ्या गोऱ्या व्यक्ती यांना सांभाळणाऱ्या कृष्णवर्णीय दायांना गोऱ्यांमध्ये जागा देता येईल.

वर्गात हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा मी शेवटची ओळ ओलांडून पुढे गेले होते. नंतर लक्षात आले की साऱ्या व्यवस्थेचे मर्म त्या ओळीतच आहे.

३.
वर्णभेदाचे समर्थक म्हणत की दोन वंशांनी एकमेकांपासून दूर राहणे हेच दोघांच्या हिताचे आहे. पण ज्या घरांतून हे बोलले जाई, त्याच घरांत कृष्णवर्णीय स्त्री पोळीभाजीपासून पाळण्यापर्यंत सर्व काही सांभाळत होती. तिच्या हातचे अन्न चालत होते, तिच्या कुशीत मूल झोपत होते. स्पर्शाचीच भीती असती तर सर्वांत आधी स्वयंपाकघर बंद झाले असते.

तेव्हा प्रश्न अंतराचा नव्हता, पायरीचा होता. ती सेवक म्हणून जवळ आली तर चालत असे; नागरिक म्हणून शेजारी बसली की गुन्हा होई. हे सूत्र हाती धरून आपण पुढे जाऊ.

४.
आधी थोडा भूगोल. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक कृष्णवर्णीय घरकामगार स्त्रियांनी मालकाच्या घरी राहून काम करण्याचे नाकारले. रात्री आपल्या घरी, आपल्या मुलांत परतायचे, हा त्यांचा आग्रह होता. स्वातंत्र्याचा हा अगदी साधा आणि अगदी खोल अर्थ होता.

त्यामुळे रोजचा प्रवास अटळ झाला. राहायचे शहराच्या एका टोकाला, काम दुसऱ्या टोकाला. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार अशा थोड्या कृष्णवर्णीयांकडे मोटारी होत्या, मोलकरणींकडे नव्हत्या. मॉन्टगोमेरीत नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक घरकाम करीत आणि बसच्या प्रवाशांत सुमारे तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय असत. बस कंपनीचा गल्ला बऱ्याच अंशी मोलकरणींच्या नाण्यांवर भरत होता.

५.
आता घराच्या आत डोकावू. प्रवेश मागच्या दाराने. जेवण स्वयंपाकघरात, घरच्यांचे झाल्यावर; पुष्कळ घरांत ताटली आणि पेला वेगळा. तिच्या वयाचा विचार न करता तिला पहिल्या नावाने किंवा नुसते ‘पोरी’ म्हणून हाक. ती मात्र मालकिणीला ‘मिसेस’ म्हणणार आणि ज्या मुलाचे लंगोट तिने बदलले, तो जरा मोठा झाला की त्यालाही ‘मिस्टर’ लावणार.

वयस्क कृष्णवर्णीय स्त्रीसाठी दक्षिणेत आणखी एक संबोधन रूढ होते: ‘आन्ट’ किंवा ‘आन्टी’. ऐकायला गोड. पण त्याचा एक उपयोग असा होता की तिला ‘मिसेस अमुक’ म्हणावे लागू नये. नाते जोडल्यासारखे दिसे आणि मान टळे. हे संबोधन ध्यानात ठेवा; त्याकडे शेवटी परत यायचे आहे.

६.
मजुरीची गोष्टही अशीच. रोख रक्कम तुटपुंजी. वर उरलेले अन्न आणि जुने कपडे. उरलेसुरले अन्न भांड्यात भरून घरी नेण्याची ही पद्धत दक्षिणेत ‘टोटिंग’ म्हणून ओळखली जाई. मालकीण त्याला औदार्य समजे. मोलकरणीच्या दृष्टीने तो पगाराचाच भाग होता, कारण पगार तेवढाच धरून ठरवलेला असे.

कायद्यानेही पाठ फिरवलेली होती. रूझवेल्ट यांच्या काळात अमेरिकी कामगारांना मिळालेल्या मोठ्या हक्कांतून, म्हणजे १९३५चा सामाजिक सुरक्षा कायदा, त्याच वर्षीचा कामगार संघटनांविषयीचा कायदा आणि १९३८चा किमान वेतन कायदा यांतून, घरकामगार वगळले गेले. शेतमजूरही वगळले गेले. दक्षिणेत या दोन्ही कामांत कृष्णवर्णीयांचा भरणा होता. कायद्यात वंशाचा उल्लेखही नव्हता; तरी तो वंशानेच वाटला गेला.

७.
दिवसभर हे सोसून ती बसथांब्यावर येई. मॉन्टगोमेरीच्या बसमधील पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या. त्या रिकाम्या असल्या तरी मागे उभ्या असलेल्या कृष्णवर्णीयांनी तेथे बसायचे नाही. मधल्या जागांवर बसता येई, पण गोऱ्यांची गर्दी वाढली की उठावे लागे. दहा सेंटचे भाडे पुढच्या दाराशी टाकायचे, मग पुष्कळदा खाली उतरून मागच्या दाराने चढायचे. ती उतरून मागे जाईपर्यंत काही चालक बस पुढे नेत. पैसे गेले, बसही गेली.

चालकांना बसमध्ये पोलिसी अधिकार होते. म्हणजे घरी मालकिणीचा शब्द आणि रस्त्यावर चालकाचा.

८.
जॉर्जिया गिलमोर यांची गाठ इथे पडते. १९२० साली जन्मलेल्या या बाई एका खाणावळीत स्वयंपाकीण होत्या, सुईणीचे कामही करीत, पदरी सहा मुले. बोलणे रोखठोक. ऑक्टोबर १९५५मध्ये त्यांच्यावर नेमका वरचाच प्रसंग आला. भाडे भरले, चालकाने उतरून मागून चढायला सांगितले, त्या उतरल्या आणि बस निघून गेली. गिलमोर यांनी त्याच दिवशी ठरवले की पुन्हा या बसमध्ये पाऊल ठेवायचे नाही.

लक्षात घ्या, बहिष्काराची हाक यायला अजून जवळपास दोन महिने होते. आंदोलने नेत्यांच्या भाषणांनी सुरू होतात असे आपण पाठ्यपुस्तकांत शिकतो. तत्पूर्वी ती अशी एकेका माणसाच्या मनात सुरू झालेली असतात.

९.
त्याच ऑक्टोबरच्या २१ तारखेला मेरी लुईस स्मिथ या १८ वर्षांच्या मुलीला बसमधील जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. ती घरकाम करीत असे आणि त्या दिवशी कामाचे थकलेले पैसे मागायला जाऊन रिकाम्या हाताने परतत होती. त्याआधी, २ मार्चला, १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिनला अशीच अटक झालेली होती.

शहरातील नेत्यांनी या दोघींभोवती आंदोलन उभारले नाही. न्यायालयात आणि वृत्तपत्रांत निष्कलंक दिसेल असा चेहरा त्यांना हवा होता. मेरीच्या वडिलांच्या दारूविषयी अफवा होत्या. ते आरोप तिने पुढे नाकारले. गरिबाच्या पोरीला अन्याय सिद्ध करण्याआधी स्वतःचे चारित्र्य सिद्ध करावे लागते, ही अडचण आंदोलनाच्या आतही होतीच.

१०.
१ डिसेंबर १९५५, गुरुवार. रोझा पार्क्स यांना अटक झाली. त्या एका मोठ्या दुकानात शिवणकाम करीत आणि नागरी हक्क संघटनेच्या अनुभवी कार्यकर्त्या होत्या. त्याच रात्री महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी दोन विद्यार्थ्यांच्या आणि एका सहकाऱ्याच्या मदतीने हजारो पत्रके चक्रमुद्रित केली: सोमवारी बसमध्ये बसू नका. रॉबिन्सन ज्या ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’च्या अध्यक्षा होत्या, तिने १९५४च्या मे महिन्यातच महापौरांना पत्र लिहून अशा बहिष्काराची शक्यता कळवली होती.

तयारी जुनी होती. निमित्त नवे मिळाले.

११.
पत्रकांविषयी एक आख्यायिका आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ती जरा थांबून पाहावी. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्या पुस्तकात सांगितले आहे की वाचता न येणाऱ्या एका मोलकरणीच्या हाती पत्रक पडले, तिने ते मालकिणीला दिले, मालकिणीने ते वृत्तपत्राकडे पोचवले आणि बातमी पहिल्या पानावर येऊन सगळ्या शहराला आयतीच कळली. दुसरी हकीकत अशी की कार्यकर्ते ई. डी. निक्सन यांनी स्वतःच वार्ताहर जो एझबेल यांना ती बातमी दिली.

दुसरी हकीकत खरी असेल तर बातमी फुटणे हा बेत होता. पहिली खरी मानली तर तो एका अडाणी बाईचा भोळेपणा. आपल्या बाजूच्या माणसांच्या कथेतही मोलकरीण अशी अपघाताने येते, हे नोंदवून ठेवावे.

१२.
५ डिसेंबर, सोमवार. बस रिकाम्या धावल्या. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट चर्चमध्ये प्रचंड सभा झाली, ‘मॉन्टगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ स्थापन झाली आणि २६ वर्षांचे किंग अध्यक्ष झाले. एका दिवसाचा बहिष्कार बेमुदत झाला.

सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटमध्ये, लोकांना नेले. शहराने टॅक्सीचे किमान भाडे ४५ सेंट असल्याचा नियम काढून ते बंद पाडले. मग स्वतःची व्यवस्था उभी राहिली: सुमारे ३०० मोटारी, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. चर्चच्या नावावर घेतलेल्या मोठ्या गाड्यांना लोक ‘चाकांवरची चर्चे’ म्हणू लागले. तरीही हजारो जणी रोज मैलोन्‌मैल चालत होत्या. पहाटे चालायचे, दिवसभर दुसऱ्यांच्या फरशा पुसायच्या आणि पुन्हा चालायचे.

१३.
यात सर्वांत मजेशीर घडामोड गोऱ्या घरांत झाली. मोलकरीण बसने येत नाही, म्हणून पुष्कळ मालकिणी स्वतःच मोटार काढून तिला आणायला-सोडायला जाऊ लागल्या. जानेवारी १९५६मध्ये महापौर गेल चिडले. त्यांनी जाहीर आवाहन केले की गोऱ्यांनी नोकरांना गाडीतून नेणे बंद करावे. कृष्णवर्णीय लोक आपल्या पाठीमागे हसत आहेत.

मालकिणींनी ऐकले नाही. महापौरांनी येऊन आमची धुणी धुवावी, मुले सांभाळावी आणि स्वयंपाक करावा, मग आम्ही मोलकरणीला नेणे थांबवू, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे व्हर्जिनिया डर यांनी सांगितले आहे. डर या आंदोलनाला साथ देणाऱ्या मोजक्या गोऱ्या स्त्रियांपैकी एक. या मालकिणींना समता हवी होती असे समजू नका. त्यांना दुपारचे जेवण वेळेवर हवे होते. पण त्यामुळे एक गोष्ट उघडी पडली: कोण कोणावर अवलंबून आहे, याचे उत्तर इतकी वर्षे उलटे सांगितले जात होते.

१४.
डर यांचीच आणखी एक आठवण. त्यांच्या सासूबाईंनी घरच्या स्वयंपाकिणीला विचारले, तू त्या बहिष्कारात आहेस काय? ती म्हणाली, छे, आमच्या घरचे कुणी त्यात नाही. गोंधळ मिटेपर्यंत आम्ही आपले बसपासून लांब राहतो, इतकेच. सासूबाईंनी विश्वास ठेवला.

डर यांनी नंतर तिला एकटीला गाठून विचारले की असे का सांगितलेस. तिच्या उत्तराचा आशय असा: सिंहाच्या जबड्यात हात असेल तर त्याच्या डोक्यावरून दुसरा हात फिरवत राहणेच शहाणपणाचे.

१५.
मोलकरणीचे ‘हो बाईसाहेब’ हे कसे वाचायचे, हा इतिहासकारापुढचा खरा प्रश्न आहे. ज्या माणसाची रोजीरोटी समोरच्याच्या मर्जीवर आहे, त्याचे समोरचे बोलणे हा पुरावा मानायचा का?

सुदैवाने मॉन्टगोमेरीत दुसरा पुरावाही आहे. १९५६च्या आरंभी फिस्क विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ प्रेस्टन व्हॅलियन यांचे पथक तेथे पोचले. त्यात विली मे ली ही कृष्णवर्णीय संशोधिका होती. ती मोलकरणींशी बोलली. ॲना होल्डन ही गोरी संशोधिका होती. ती गोऱ्यांशी बोलली. ‘आमची बाई समाधानी आहे, तिला भीती घालून चालायला लावले जाते’ हा सूर एकीकडे. दुसरीकडे त्याच वर्गातील स्त्रियांच्या मुखातून चालकांवरचा आणि मालकिणींवरचा साठलेला संताप आणि परत बसमध्ये न चढण्याचा निर्धार. काही जणींनी तर मालकिणीला तोंडावर उत्तर दिल्याचेही सांगितले.

स्वयंपाकघर एकच, साक्षी दोन. केवळ पहिली साक्ष जपली गेली असती तर आपला इतिहास किती वेगळा झाला असता!

१६.
पण मुखवटा नेहमीच वाचवत नाही, हेही सांगितले पाहिजे. १ फेब्रुवारी १९५६ रोजी वकील फ्रेड ग्रे यांनी बसमधील वर्णभेदाविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा दाखल केला. दावेदार पाच स्त्रिया होत्या. त्यांपैकी जनेटा रीस या एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या घरी काम करीत. दावा दाखल होताच त्यांनी माघार घेतली आणि आपल्याला काय चालले आहे ते ठाऊक नव्हते असे सांगितले. पुढे त्याचाच आधार घेऊन ग्रे यांच्यावर खटला भरण्याचा प्रयत्न झाला.

रीस यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. किंग यांच्या घरावर बॉम्ब पडून तेव्हा दोनच दिवस झाले होते. आणि त्यांना दुसऱ्या सकाळी ज्या दारातून कामाला जायचे होते, ते दार पोलीस अधिकाऱ्याचे होते.

१७.
मार्च १९५६. बहिष्कारविरोधी जुन्या कायद्याखाली किंग यांच्यावर खटला चालला. बचाव पक्षाने बसमधील अपमान सांगण्यासाठी सामान्य प्रवाशांना साक्षीला बोलावले. त्यांत जॉर्जिया गिलमोर होत्या. भर न्यायालयात, गोऱ्या न्यायाधीशांसमोर त्यांनी ऑक्टोबरमधला प्रसंग सांगितला. वर हेही सुनावले की कंपनी पैसे मोजायला बसते तेव्हा कोणते नाणे गोऱ्याचे आणि कोणते कृष्णवर्णीयाचे हे तिला कळत नाही.

किंग दोषी ठरले. गिलमोर यांची खाणावळीतील नोकरी गेली. तेव्हा किंग यांनी त्यांना सुचवले की दुसऱ्याकडे चाकरी शोधण्यापेक्षा स्वतःच्या घरी स्वयंपाक करून विका. भांडवलासाठी मदतही केली.

१८.
तोवर गिलमोर यांनी आणखी एक काम उभे केले होते. मोलकरणी, स्वयंपाकिणी, धोबिणी अशा मैत्रिणी जमवून त्या सँडविच, तळलेली कोंबडी, पाय आणि केक बनवीत आणि केशकर्तनालयांत, धुलाईच्या दुकानांत, टॅक्सीतळांवर, घरोघरी विकत. आलेला पैसा मोटारींच्या इंधनासाठी आंदोलनाच्या तिजोरीत जाई. साप्ताहिक सभेत गिलमोर ती रक्कम घेऊन पुढे येत तेव्हा टाळ्यांचा गजर होई. अनेकदा आठवड्याला शंभराहून अधिक डॉलर जमत.

या मंडळाचे नाव होते ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठूनच नाही मंडळ’.

१९.
हे नाव विनोदी आहे, तितकेच धोरणी. देणारीचे नाव कागदावर आले तर तिची नोकरी जाईल. तेव्हा कुणी विचारले की पैसे कुठून आले, तर खरे उत्तर तयार: कुठूनच नाही. कोण केक करते, कोण पीठ देते, हे फक्त गिलमोर यांना ठाऊक असे. गुपचूप विकत घेणाऱ्यांत आणि देणाऱ्यांत काही गोरेही होते.

शहराच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स यांनी ‘फ्रेंडली क्लब’ काढला आणि कोण जास्त पैसे जमवते याची दोन मंडळांत चुरस लागली.

ज्या समाजाने या स्त्रियांना आडनाव, समोरचे दार आणि बसमधील जागा नाकारून ‘कुणीच नाही’ केले होते, त्याच समाजाने दिलेली ती अदृश्यता त्यांनी ढालीसारखी वापरली. हातात कौशल्यही तेच होते, जे मालकिणीच्या घरी कवडीमोलाने विकले जात होते.

२०.
अखेर निकाल लागला तो या खटल्यात: ब्राउडर विरुद्ध गेल. उरलेल्या चार दावेदार होत्या ऑरेलिया ब्राउडर, सत्तरी ओलांडलेल्या सुझी मॅक्डोनाल्ड, क्लॉडेट कोल्व्हिन आणि मेरी लुईस स्मिथ. ज्या दोन मुलींना आंदोलनाचा चेहरा होण्यास अपात्र मानले गेले होते, त्यांच्याच साक्षीवर कायदा पडला. ५ जून १९५६ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला; १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

२० डिसेंबरला आदेश शहरात पोचला. ३८१ दिवसांचा बहिष्कार संपला. २१ तारखेला कृष्णवर्णीय प्रवासी पुढच्या दाराने चढून हव्या त्या बाकावर बसले. आता मांडीवर मूल असण्याची अट नव्हती.

२१.
इथे चित्रपट संपतो. इतिहास संपत नाही. २१ डिसेंबरच्या त्या सकाळी बसच्या पुढच्या बाकावर बसलेली मोलकरीण जिथे उतरली, तिथे दार मागचेच होते. ताटली वेगळीच होती. हाक पहिल्या नावानेच येत होती. न्यायालयाचा हुकूम बसच्या पायरीपर्यंत पोचला होता; स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत काय चालावे यावर त्याची सत्ता नव्हती.

सार्वजनिक जागेतला भेद कायद्याने मोडता येतो. खासगी घरातला भेद तिथली माणसे ‘प्रथा’ म्हणून, ‘स्वच्छता’ म्हणून, कधी ‘प्रेम’ म्हणूनही चालवतात.

२२.
शहराचा हट्ट किती होता, हे गिलमोर यांच्याच घरातील पुढच्या प्रसंगावरून कळते. १९५७मध्ये त्यांचा मुलगा मार्क गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या ओक पार्कमधून आडवाटेने जात होता. पोलिसांनी त्याला मारहाण केली. गिलमोर यांनी इतरांसह शहरावर दावा लावला. उद्याने सर्वांना खुली करावी लागतील असे दिसताच शहराने १९५९च्या आरंभी सगळीच उद्याने बंद केली. प्राणिसंग्रहालयातील प्राणी विकले, पोहण्याचा तलाव मातीने बुजवला. उद्याने पुन्हा उघडली ती १९६५मध्ये.

स्वतःच्या मुलांचा तलाव बुजवला, पण मोलकरणीच्या मुलाला त्यात उतरू दिले नाही. द्वेषाची किंमत किती असते, याचा हा हिशेब. गिलमोर यांचा दावा पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७४मध्ये त्यावर निर्णय झाला.

२३.
योगायोग असा की त्याच १९७४ साली अमेरिकेच्या किमान वेतन कायद्याच्या कक्षेत घरकामगार प्रथमच आले. १९३८ ते १९७४, म्हणजे ३६ वर्षांची प्रतीक्षा. त्यामागे डोरोथी बोल्डन यांच्यासारख्यांचे कष्ट होते. लहानपणापासून घरकाम केलेल्या बोल्डन यांनी १९६८मध्ये अटलांटा येथे घरकामगार स्त्रियांची राष्ट्रीय संघटना उभी केली. सभासद त्यांना कुठे भेटल्या? बसमध्ये. त्या निरनिराळ्या मार्गांच्या बसमधून फिरत आणि कामावर जाणाऱ्या बायकांशी बोलत.

ज्या बसमध्ये एकेकाळी उतरून मागे जावे लागे, ती आता संघटनेची सभा झाली होती.

२४.
एक शेवटची गोष्ट, माझ्या घरची. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या खाली एक कप असे. कानतुटका, निळ्या फुलांचा. त्यात फक्त मावशींना चहा मिळे. मावशींनी मला न्हाऊ घातले, शाळेत सोडले, तापात रात्रभर पायाशी बसल्या. त्यांचे आडनाव काय, हे मला मॉन्टगोमेरीवरचे पुस्तक वाचून ‘आन्टी’ या शब्दापाशी थांबेपर्यंत कधी विचारावेसेही वाटले नव्हते. मावशी हा शब्द खोटा नव्हता. माझे प्रेमही खोटे नव्हते. पण कप वेगळाच होता.

अमेरिकेतील वर्णभेद आणि आपल्याकडील जातिभेद एकच आहेत असे मी म्हणत नाही; दोहोंचा इतिहास वेगळा आहे. तरीही डॉ. आंबेडकरांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्हींतील साम्याकडे लक्ष वेधले होते, ते उगीच नाही. आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम आला तो २००८मध्ये. कप मात्र कोणत्याच अधिनियमात बसत नाही. तो आपणच बदलायचा असतो.

२५.
जॉर्जिया गिलमोर मार्च १९९०मध्ये गेल्या. सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चाला २५ वर्षे होत होती आणि त्यानिमित्त येणाऱ्या लोकांसाठी त्या स्वयंपाकाला लागल्या होत्या. त्यांनी केलेली कोंबडी आणि मॅकरोनी शेवटी त्यांच्या शोकाला जमलेल्या माणसांनी खाल्ली.

आयुष्यभर इतरांना जेवू घातलेल्या बाईच्या हातचे अन्न त्या दिवशी सारे एकाच पंगतीत जेवले. समोरच्या दाराने येऊन.

तुमच्या घरात काम करणाऱ्या मावशींचे पूर्ण नाव तुम्हाला ठाऊक नसेल, तर उद्या सकाळी विचारा. इतिहासाचा अभ्यास तिथूनही सुरू करता येतो.

(समाप्त)